मालू, रात्री साडेनऊला फोन नको

टिळकवाडी, बेळगाव
१२ जून

प्रिय मालू,

सप्रेम नमस्कार. लेकीची रोटरी क्लबच्या युथ एक्स्चेंजमध्ये निवड झाली, ऑगस्टमध्ये वर्षभर तिथल्या घरांत राहायला जर्मनीला निघणार, हे कळल्यापासून आमच्या घरी तोच विषय आहे. पण तुझे सगळे प्रश्न सामानाचे. बॅग किती किलोची, स्वेटर इथून न्यायचे का तिथं घ्यायचे. ते होतंय गं सगळं. मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्याकडे जर्मनीची मुलगी राहून गेली तेव्हा यजमानीण मी होते, त्यामुळं पलीकडच्या बाईच्या मनात काय चालतं ते मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट, त्या बाईला याचे पैसे मिळत नाहीत. खोली, जेवणखाण सगळं ती हौसेनं देते. मग तिला हवं तरी काय असतं? मला विचारशील तर, पोरगी खोलीबाहेर यावी एवढंच. आमच्याकडची सुरुवातीला दार लावून आईशी फोनवर बोलत बसायची. सासूबाई मला हळूच विचारायच्या, "रुसलीय काय गं ती?" आपल्याकडं दिवसाढवळ्या खोलीचं दार कोण लावतंय? तिच्याकडं मात्र सगळेच लावतात, त्यात राग-लोभ काही नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही नाही. मग एका संध्याकाळी ती आपणहून ओट्याशी आली, काकडी कोचायला घेतली, सासूबाईंनी तिच्या हातातली सुरी काढून विळी दिली, आणि त्या दिवसापासून ती घरातली झाली. दूधवाल्याशी कानडी, सासूबाईंशी मराठी, रिक्षावाल्याशी देवाला ठाऊक काय बोलायची, पण बोलायची!

म्हणून लेकीला सांग, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहा. तिथं दुपारी गरम जेवण आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पाव, चीज, काकडी-टोमॅटो असं थंड खाणं, ही पुष्कळ घरांची रीत. पोरीला ते जेवण वाटणार नाही, पण दिवसभराच्या गप्पा त्याच टेबलावर होतात. आता हिशेब कर. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं घेतात, मग साडेचार. तू जेवणं आटपून रात्री साडेनऊला फोन लावशील तेव्हा ऑक्टोबरपर्यंत तरी तिथं सहा वाजलेले असतील, म्हणजे नेमकी टेबलावर बसायची वेळ. रोज असं झालं तर ती पोरगी शरीरानं तिथं आणि मनानं तुझ्याकडं निपाणीत. रविवारी दुपारी बोलत जा की. तिथं तेव्हा सकाळ असते, आणि रविवारी दुकानं बंद, त्यामुळं सगळी घरातच असतात. रागावू नकोस, पण रडू तुलाच जास्त येणार आहे, तिला नाही.

खाण्याचं आधीच लिहून कळव, आणि नुसतं 'शाकाहारी' लिहू नकोस. तिथं शाकाहाऱ्याच्या ताटात अंडं सहज येतं, आणि तुमच्याकडं तर केकसुद्धा बिनअंड्याचा लागतो. मऊ चघळायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात, हेही तिला माहीत असू दे.

बाकी बारीकसारीक ती शिकेल. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की बहुधा २५ सेंट मिळतात. रात्री दहानंतर आवाज नाही. भर थंडीतसुद्धा यजमानीण खिडक्या सताड उघडेल, तेव्हा मागोमाग जाऊन लावत बसायचं नाही. दारू, नशा, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण, या चार गोष्टींना रोटरीची सक्त मनाई आहे. त्यावरून मधूनच परतही पाठवू शकतात, तेव्हा हे लाजत न बसता स्पष्ट बोल.

आणि एक, वर्षभरात घर बदलतात. बहुधा दोन-तीन घरं होतात. नव्या घरात जाऊन 'त्या काकू असं करायच्या' हे चुकूनही म्हणायचं नाही. नव्या सुनेला सासरी माहेरचं कौतुक जेवढं महागात पडतं तेवढंच हेही पडेल.

आपला बेळगावी खव्याचा कुंदा मात्र बॅगेत घालू नकोस. मला माहीत आहे, तुझ्या मनात तोच आहे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी दे. यजमानणीसाठी कसुतीचं भरतकाम केलेलं टेबलावरचं कापड न्यावं असं मला वाटतं. शनिवारी खडेबाजारात जाणार आहे, तेव्हा बघून ठेवते. रंग कुठला ते त्याआधी कळव, नाहीतर मी आपली मरून रंगाचं घेऊन मोकळी होईन.

तुझी,
सुधा