बाबा, ते खाजगी नव्हतं

आई, बाबा,

नमस्कार. तब्येत बरी असेल दोघांची. बाबा, बीपीची गोळी रोज घेता ना, की कापूस वेचायच्या गडबडीत राहून जाते? आईच्या गुडघ्याचं तेल पाठवलं आहे, मिळालं असेल.

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहून राहिली आहे. फोन लागला की बाबा स्पीकर ऑन करतात आणि ओसरीत कोणी ना कोणी बसलेलंच असतं, काकू असते, नाहीतर सामुदायिक प्रार्थनेला निघालेले दोघं-तिघं थांबलेले असतात. आई, तुला वाचायला त्रास होईल, बाबांना वाचून दाखवायला सांग, पण दार लावून घ्या.

दिवाळीला मी आली होती तेव्हा भाऊचा, आपल्या तालुक्याच्या पुढाऱ्याचा, विषय निघाला. झेडपीचं वारं सुरू झालं आहे, भाऊ उभा राहणार हे गावात सगळ्यांनाच माहीत. त्या घरकुलवाल्या बाईचं कोणीतरी काढलं तर बाबा, तुम्ही म्हणाले, "थे त्याचं खाजगी हाय, आपल्याले काय करा लागते? पांदण रस्ता कोणं केला? भाऊनं केला. बस." आणि आई, तू भाकरी थापता थापता म्हटलं, "थे बाई तरी काऊन गेली त्याच्याकडे एकटी?" मी तेव्हा ताटावरून उठली. तुम्हाला वाटलं प्रवासानं थकली असेल. थकली नव्हती मी.

पांदण रस्त्याचं मी नाकारत नाही. बंडी आखापर्यंत रुतायची ते मी पाहिलं आहे, सोयाबीनची पोती डोक्यावर घेऊन चिखलातून बाबा यायचे आणि घरी आल्यावर बोलायचं बळसुद्धा राहायचं नाही. आता ट्रॅक्टर थेट वावरात जाते. ज्यानं ते केलं त्याचं नाव घ्यायलाच पाहिजे, मी पण घेते.

पण बाबा, तुम्हाला आपले जुने सरपंच काका आठवतात का? त्यांची बायको वारली, चार-पाच वर्षांनी ते टोलीवरच्या एका विधवा बाईसोबत राहायला लागले. दोघांच्या मर्जीनं, कोणाची फसवणूक नाही, जात वेगळी होती एवढंच. पाण्याची टाकी त्यांच्याच काळात झाली, ग्रामपंचायतीचा हिशोब ते चावडीवर वाचून दाखवायचे. आणि गावानं त्यांना पाडलं. बाबा, तुम्हीच म्हणाले होते, "असा माणूस गावाले काय वळण लावीन?" ते खरं खाजगी होतं. तिथे आपण डोकं घातलं, आणि आता जिथे घालायला पाहिजे तिथे खाजगी म्हणून बाजूला होऊन राहिलो. मला हे फार लागलं आहे म्हणून एवढं लिहिते.

कोणाचं कोणाशी जमलं, कोण कोणासोबत राहते, याच्यावर मत द्यायचं नाही हे मलाही पटते. लग्नाबाहेरच्या संबंधाचा जो फौजदारी गुन्हा होता तो सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये काढूनच टाकला. नवरा-बायकोचं त्यांनी पाहावं, पोलिसांनी नाही आणि गावानं पण नाही. मी फक्त एकच विचारते, त्या बाईचं काम त्या माणसाच्या सहीवर अडलेलं होतं का? अडलेलं असेल तर ते खाजगी राहत नाही. कारण ती सही त्याच्या घरची नाही, आपण मत देऊन त्याच्या हातात दिलेली आहे.

त्या बाईचंच पाहा ना. घरकुलाचा दुसरा हप्ता थांबलेला, भिंती उभ्या आणि वर ताडपत्री, पावसात पोरांना घेऊन शेजारी झोपायची. पंचायत समितीत गेली तर म्हणे भाऊला भेटा, भाऊनं फोन केला की होते. मग ती जाईल नाही तर काय करेल? आई, तू विचारलं काऊन गेली. ताडपत्री होती म्हणून गेली.

बाबा, मी पाचवी-सहावीत असताना तुम्ही पारावर मोठ्यानं पेपर वाचायचे, त्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की या पोरीच्या संबंधांचं रोज यायचं. १९९८ च्या डिसेंबरमध्ये त्याच्यावर महाभियोग लागला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत सिनेटनं त्याला सोडलं. पारावरचे सगळे म्हणायचे, माणूस देश चालवते ना चांगला, मग बाकीचं काय करायचं आहे. तिथले लोकही पुष्कळ तसंच म्हणत होते. आणि खटला तरी कशाचा, शपथेवर खोटं बोलला आणि चौकशीत अडथळा आणला याचा. ती पोरगी २२ वर्षांची, तो ४९ चा, ती त्याच्याच ऑफिसात शिकाऊ. जगानं तिची टिंगल केली, वर्षानुवर्षं. ती २०१४ मध्ये म्हणाली की जे झालं ते दोघांच्या संमतीनं झालं, आणि २०१८ मध्ये तिनंच लिहिलं की त्यात सत्तेचा मोठा गैरवापर होता, संमती म्हणजे काय हे आपण आता नव्यानं पाहून राहिलो. तिला वीस वर्षं लागली. मला हे वाचून रात्रभर झोप आली नव्हती, का ते पुढे सांगते.

आणि अमेरिका लांब आहे म्हणाल तर कर्नाटकातलं हासन घ्या. माजी पंतप्रधानांचा नातू, तिथला खासदार. २०२४ च्या एप्रिलमध्ये मतदानाच्या तोंडावर पेन ड्राइव्ह वाटले गेले, बायकांचे व्हिडिओ. मतदान झालं आणि हा जर्मनीला. तिथे तो साधारण ४२ हजार मतांनी पडला, पण बाबा, त्याला मतं सहा लाखांच्या वर पडली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्टानं त्याला जन्मठेप दिली, त्यांच्याच फार्महाऊसवर काम करणाऱ्या बाईवरच्या बलात्काराच्या प्रकरणात. घरकाम करणारी बाई, ती कोणाकडे जाणार होती तक्रार घेऊन? आणि ते पेन ड्राइव्ह वाटले त्यांनी कोणाचं भलं केलं? त्या बायकांचे चेहरे गावोगाव फिरले. म्हणून मी असं पण म्हणत नाही की जे काही मोबाईलवर आलं ते खरं मानून घ्या. विरोधक पण बाईच्याच अंगावर पाय देऊन वर चढतात. बाईचं म्हणणं ऐकायचं, व्हिडिओ पाहायचा नाही.

तुम्ही म्हणता गुन्हा असेल तर फॉर्मसोबतच्या प्रतिज्ञापत्रात येईल ना. येते, कोर्टाच्या आदेशामुळेच येते, केस किती, प्रॉपर्टी किती, शिक्षण किती. २०२४ मध्ये एडीआर नावाच्या, निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं खासदार-आमदारांची प्रतिज्ञापत्रं तपासली तर १५१ जणांनी स्वतःच लिहून दिलं होतं की बायकांवरच्या अत्याचाराचे गुन्हे आपल्यावर दाखल आहेत, त्यातले १६ बलात्काराचे. सिद्ध झालेले नाहीत, दाखल. पण जी बाई ठाण्यात गेलीच नाही तिचं त्या कागदावर कुठे येणार? आपल्याकडच्या किती जणी जातात? ते गावालाच माहीत असते, विहिरीवर माहीत असते, आणि ज्याला मत द्यायचं आहे तो म्हणते मला काय करायचं.

आई, आता तुझ्या प्रश्नाचं. तुझं लग्न व्हायच्याही आधीची गोष्ट आहे, १९७२ ची, वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली. तेव्हा चंद्रपूर जिल्हा होता, आता गडचिरोली. मजुरी करणारी आदिवासी पोरगी, घरच्यांसोबत ठाण्यात आलेली, घरच्यांना बाहेर थांबवलं आणि आत दोन पोलीस. खालच्या कोर्टानं तिचीच चाल काढली, म्हणे हिला सवय होती, आणि दोघांना सोडलं. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, म्हणे तिच्या अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. त्याच्यावर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आता पोलिसाच्या ताब्यातल्या बाईशी संबंध झाला हे सिद्ध झालं आणि ती म्हणाली माझी मर्जी नव्हती, तर कोर्टानं ते तसंच धरून चालायचं. हे आपल्या इकडच्या एका पोरीमुळे झालं आई, आणि आपण अजून विचारतो ती काऊन गेली.

मी काऊन गेली होती, ते आता सांगते.

२००६ साल. मी एकोणीसची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होस्टेलची सीट पाहिजे होती आणि कोणीतरी सांगितलं भाऊचं पत्र असलं की होते. बाबा, तुम्ही मला एम-एटीवर बसवून तालुक्याला नेलं. पांढरा शर्ट घातला होता, मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत. दीड तास बाहेर बाकड्यावर बसलो. मग तो म्हणाला, पोरीलेच पाठवा आत, तिलेच विचारतो कोणता विषय घेते. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिली.

आत टेबलावर लेटरहेड होतं, माझं नाव लिहिलेलं, पेनाचं टोपण काढलेलं, फक्त सही बाकी. तो खुर्चीवरून उठून माझ्या मागे आला. खर्ऱ्याचा वास आला. वेणी बाजूला करून मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, नागपूरला ये एक दिवस, तिथंच सही करून देतो, बाबाले काऊन त्रास देते. मी त्या पेनाकडे पाहत होती. किती वेळ ते सांगता येत नाही. मग फोन वाजला आणि मी बाहेर आली.

तुम्ही विचारलं, झाली सही? मी म्हटलं, नंतर देतो म्हणाले. तुम्ही आत डोकावून त्याला हात जोडले.

मी नंतर होस्टेल नको म्हटलं तर तुम्ही किती चिडले होते. "एवढा मोठा माणूस मदत करून राहिला आणि तुलेच नको." दोन वर्षं मी सकाळच्या पहिल्या एसटीनं गेली, आई चार वाजता उठून डबा करायची, शेवटची गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघायची. तुम्हाला वाटलं पोरीला घर सोडवत नाही. मी तेव्हा सांगितलं नाही कारण तुम्ही त्याच्याकडे गेले असते, आणि पुढे आपलं प्रत्येक काम त्याच्याच दारात होतं. आणि दुसरं म्हणजे मलाही वाटत होतं की लोक म्हणतील, गेली काऊन. २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं एका पत्रकार बाईच्या खटल्यात सांगितलं की बाई कितीही वर्षांनी आपली तक्रार मांडू शकते. तिनं माजी मंत्र्यावर आरोप केला होता आणि त्यानं तिच्यावरच बदनामीची केस टाकली होती, ती सुटली. तो पेपर मी घडी करून कपाटात ठेवला आहे.

बाबा, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही मला शिकवायला म्हणूनच नेलं होतं, त्या गावात दुसरा कोणता बाप पोरीसाठी दीड तास बाकड्यावर बसत होता? पण तुम्ही दिवाळीला खाजगी म्हणाले तेव्हा मला ते बाकडं दिसलं. आतमध्ये मी होती, बाबा.

हे वाचून त्याच्या घरी भांडायला जाऊ नका, तुमचा बीपी आधीच वाढलेला आहे. शर्ट घालून निघाले तर आईनं दार लावून घ्यावं. मी पुढच्या शनिवारी येते, दुपारच्या गाडीनं, फाट्यावर घ्यायला या. तेव्हा बोलू, नाही बोलवलं तर नुसतं बसू.

आई, त्या बाईला संक्रांतीला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही म्हणे या भानगडीपासून. तू बोलाव. वाण मी आणते.

तुमची,
मनू