ओपन डेला काय कळतं?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला लेख वाचला. विद्यापीठाचं वातावरण आपल्या मुलाला मानवेल का, हे ओळखायला लेखकाने दोन उपाय सांगितलेत: क्रमवारी बघा आणि ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ पालक-मुलांना आवार फिरवून दाखवतं त्या दिवशी, जाऊन या. धन्य आहे!

क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत ३० टक्के भार नुसत्या शैक्षणिक नावलौकिकाला आहे, तोही इतर प्राध्यापकांना विचारून ठरवलेला. वर्ग सुटल्यावर तिथल्या मुलांचं काय होतं, याला त्यात गुण नाहीत.

आणि ओपन डे? भाचीला घेऊन मी गेलो होतो. विद्यापीठाचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा आम्हाला फिरवत होता. "इथे सगळे एका कुटुंबासारखे राहतो," हे वाक्य दर इमारतीपाशी. माहितीपत्रकात नाट्यमंडळ, वादविवाद मंडळ, गिर्यारोहण, सगळं होतं. नाट्यमंडळाच्या खोलीला मात्र कुलूप, आणि खिडकीतून डोकावलं तर आत परीक्षेचे बाक छतापर्यंत रचलेले. सूचनाफलकावर काचेआड फक्त कार्यालयाच्या नोटिसा, दंडाच्या नि मुदतीच्या. मुलांच्या हातचा एक कागद नाही. भाचीने विचारलं, "हॉस्टेलमध्ये रूममेटशी पटलं नाही तर खोली बदलून मिळते का?" तो पोरगा सोबतच्या बाईंकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "तशी वेळच येत नाही." जे कळायचं ते आम्हाला तिथेच कळलं.

बरं, चांगलं वातावरण म्हणजे कुणासाठी चांगलं? लेखात महोत्सवांचं कोण कौतुक! माझी भाची काही बुजरी नाही, पण गोंगाटाने तिचं डोकं उठतं. महोत्सव गाजवणाऱ्यांना विचारून तिला काय उपयोग? त्या दिवशीही जे खोलीत बसून असतात, त्यांना गाठायला हवं, आणि तेही सोबत बाई नसताना. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मतं विचारणारं देशव्यापी सर्वेक्षण होतं, निकाल विद्यापीठवार जाहीर होतात. एवढा लांबलचक लेख लिहिताना त्याला एक ओळही मिळू नये?

जाता जाता आणखी एक. लेखाशेजारी अर्धं पान एका विद्यापीठाची जाहिरात आहे. तिच्यातला फोटो आणि लेखातला फोटो एकच! हिरवळ तीच, गिटारवालाही तोच. लेखातल्या फोटोखाली आपण 'संग्रहित छायाचित्र' असं छापलंय. कुणाच्या संग्रहातलं, तेही छापायचं होतं.

आपला,
एक वाचक