भाषांतराने वेबसाइट आपली होत नाही

संपादक महोदय,

मजकुराचे भाषांतर झाले की वेबसाइट त्या देशासाठी तयार झाली, हा समज चुकीचा आहे. अरबी, हिब्रू उजवीकडून वाचतात. म्हणून मेन्यू, ‘मागे’चा बाण, फॉर्मची लेबले आरशातल्यासारखी उलटवावी लागतात. फोन नंबर मात्र डावीकडूनच राहतो, व्हिडिओचे प्ले बटणही फिरवायचे नसते. सरसकट उलटवले की नेमके इथेच बिघडते. रंगांचेही तसेच: चीन-जपानमध्ये शेअर चढला की आकडा लाल, अमेरिकेत हिरवा.

आणि कृपया आडनावाची सक्ती काढा! इंडोनेशियात अनेकांचे नाव एकशब्दी असते. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म अडतो. मग माणूस तेच नाव दोनदा लिहितो आणि ते पासपोर्टशी जुळत नाही. ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना पुरतो.

– एक वेब डिझायनर