कूळ मालक झालं, त्यानंतर

वेर्णा

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, चवथीला तुम्ही म्हणालात, "डावा पक्ष असा आता उरलाय कुठं? सगळे उजवीकडे गेले, पुढारी विकले गेले." पाहुणे आले आणि बोलणं तिथंच राहिलं. खाणकामगारांच्या युनियनमध्ये ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याच्या तोंडून हे ऐकून मला फार लागलं. म्हणून लिहायला बसले.

डावे पक्ष उजवीकडे सरकले, हे खरंच आहे. निदान पैशाच्या आणि मालकीच्या बाबतीत तरी. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या घटनेत १९१८ पासून उत्पादनसाधनांच्या सामायिक मालकीचं कलम होतं, ते पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांनी १९९५ मध्ये बदलून घेतलं. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट्सनी तर १९५९ मध्येच मार्क्सला निरोप दिला होता, आणि २००३ नंतर बेकारांचे भत्ते कापले तेही त्यांच्याच श्रोडर यांच्या सरकारनं. आपल्याकडे १९६९ मध्ये चौदा बँका सरकारी करणाऱ्या काँग्रेसनंच १९९१ मध्ये बाजार खुला केला.

पण "विकले गेले" या उत्तरानं माझं समाधान होत नाही. फ्रान्सचं बघा. १९८१ मध्ये समाजवादी मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते कम्युनिस्टांना सोबत घेऊन. बँका आणि मोठे उद्योग सरकारी केले, किमान वेतन वाढवलं, पगारी रजेचा पाचवा आठवडा दिला, निवृत्तीचं वय साठवर आणलं. बोललेलं करून दाखवलं. पण भांडवल देशाबाहेर पळू लागलं, महागाई आटोक्यात येईना, फ्रँकचं तीनदा अवमूल्यन करावं लागलं, आणि १९८३ च्या मार्चमध्ये त्याच सरकारनं काटकसरीचा रस्ता धरला. पैशाला सरहद्द नाही आणि सरकारला आहे, ही ती अडचण. तिला लाचखोरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

तरीही ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी आपल्या गोव्यात, साखळीत, आपल्या वाड्यावर घडली आहे.

मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, काही लाल बावट्याचा पक्ष नव्हे, त्याचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. पण १९६३ ची पहिली निवडणूक त्यांनी प्रजा समाजवादी पक्षाला बरोबर घेऊन लढवली आणि बहुजन समाज, कुळं आणि मुंडकार, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे, त्यांच्यामागे उभे राहिले. १९६४ चा कूळ कायदा, मग त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' करणारी दुरुस्ती. आजोबांच्या नावावर शेत लागलं ते त्यातूनच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात चप्पल हातात घेऊन उभा राहणारा माणूस जमिनीचा धनी झाला. गोव्यात डाव्या विचाराचं याहून मोठं काम मला दिसत नाही, ते कुठल्याही झेंड्याखाली झालेलं असो.

त्याच मगोनं १९९४ मध्ये भाजपशी युती केली. २०१४ मध्ये कुळांचे खटले मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात नेणारी दुरुस्ती झाली, तेव्हा मगोचे मंत्री भाजपच्या त्या सरकारात बसलेले होते. याचा तुम्हाला किती संताप आला होता ते मला ठाऊक आहे, आणि तो रास्त होता.

पण बाबा, त्या तीस-चाळीस वर्षांत कूळही बदललं होतं. ज्यांना शेतं मिळाली त्यांच्या पोरांनी नोकऱ्या धरल्या, शेतं पडीक राहिली, कुणी कर्ज काढून ट्रक घेतले आणि खनिज वाहतुकीला लावले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कामगार, ट्रकवाले आणि खाणमालक या तिघांची मागणी एकच होती: खाणी सुरू करा. तुम्हीही ती केलीत, घर चालायचं होतं. मालकाच्या विरोधात उभा राहिलेला पक्ष अशा वेळी कुणाच्या विरोधात उभा राहणार? तो आपल्या जुन्या मतदाराच्या मागोमाग एकेक पायरी वर चढत गेला, आणि खालच्या पायरीवर कोण येऊन बसलंय हे त्यानं वळून पाहिलं नाही.

आले ते कर्नाटकातून, झारखंडातून, ओडिशातून. इमारती तेच बांधतात. पुष्कळांची नावं आपल्या मतदारयादीत नाहीत आणि आपण त्यांना भायले, म्हणजे बाहेरचे, म्हणतो. आजचं कूळ तेच आहे. त्यांच्यासाठी गोव्यात कोणता पक्ष मत घालवायला तयार आहे?

बंगालमध्येही हेच झालं, फक्त फार क्रूरपणे. डाव्या आघाडीनं १९७८ पासून बर्गादारांची, म्हणजे वाट्यानं शेती करणाऱ्यांची, नोंद करून त्यांना हक्क दिले. त्याच आघाडीनं २००६ मध्ये सिंगूरची सुपीक जमीन मोटार कारखान्यासाठी ताब्यात घेतली, आणि २००७ मध्ये नंदीग्रामला पोलिसांच्या गोळीबारात चौदा माणसं गेली. चौतीस वर्षांची सत्ता २०११ मध्ये संपली. शेतकऱ्याच्या बाजूची जागा डाव्यांनी सोडली आणि ममता बॅनर्जींनी ती घेतली.

आई, तू अंगणवाडीत मानधनावर राबलीस, म्हणून हे खास तुला. २०२५ च्या फेब्रुवारीत केरळात आशा सेविका मानधनवाढीसाठी सचिवालयासमोर बसल्या. सरकार डाव्यांचं. आणि डाव्यांचेच पुढारी त्यांच्या संपावर टीका करत होते. मला तो दिवस आठवला जेव्हा तू पणजीहून मोर्चातून परतलीस आणि पाय शेकत म्हणालीस, "आमकां कामगार म्हणून मोजतच नात."

सगळंच उजवीकडे गेलं असंही नाही हं. बाईच्या हक्काबद्दल डावे पूर्वीपेक्षा पुढं आलेत. केरळच्याच सरकारनं शबरीमला मंदिरात सर्व वयाच्या बायकांना प्रवेश देण्याचा कोर्टाचा निकाल राबवायला घेतला आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या वीसपैकी एकोणीस जागा गमावल्या. पूर्वीच्या तुमच्या युनियनच्या कमिटीत एक तरी बाई होती का, बाबा? त्यामुळे सरकणं एका रेषेवरचं नाही. पण पगार, जमीन आणि मालकी या तीन गोष्टींत ते एकाच दिशेनं झालं, आणि माझ्या लेखी याच तीन गोष्टी डाव्यांचा कणा आहेत.

इथं आमच्या कारखान्यात कायम कामगारांची युनियन आहे. कंत्राटी पोरं तेच मशीन चालवतात, निम्म्याहून कमी पगारात, पण युनियन त्यांना सभासद करत नाही. गेल्या करारात त्यांचा उल्लेखही नव्हता. कुणी विकलं गेलं नाही. ज्यांचं भागलं, ते आपल्यापुरतं पाहू लागले.

त्यातली दोन पोरं मला विचारत होती, युनियन नोंदवायची कशी. एक बेळगावचा, एक रांचीकडचा. तुम्ही खाणीवरच्या कंत्राटी माणसांना कायम करून घेतलंत ते कसं, ते सविस्तर लिहून पाठवाल का? कामगार आयुक्तांकडे आधी कोणता अर्ज गेला, हजेरीचा पुरावा कुठून मिळवलात, आणि ठेकेदारानं पहिल्या चौघांना काढून टाकलं तेव्हा बाकीच्यांना कसं धरून ठेवलंत, ते सगळं. त्या मुलांना हिंदी चालतं, मी भाषांतर करून देईन. आईला बसवून तिच्या मोर्च्यांचंही लिहून घ्या, तिला तारखा तुमच्यापेक्षा नीट आठवतात.

तुमची लेक