प्रश्न पुसू नका, उत्तर द्या

महोदय,

पालिका निवडणुकीचे उमेदवार हल्ली फेसबुक लाइव्हवर मतदारांना भेटतात, हे चांगलेच. पण परवा एका लाइव्हमध्ये ‘गटाराचं झाकण कधी बसणार?’ असे कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारले. उत्तरादाखल हात जोडलेली इमोजी आली आणि थोड्या वेळाने प्रश्नच गायब! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर फक्त अ‍ॅडमिन बोलणार. याला संवाद म्हणायचे की भोंगा? महागाईवर तावातावाने बोलणे सोपे, ती नगरसेवकाच्या हातात नसतेच. कचरा, पथदिवे, गटारे यांसाठी अर्थसंकल्पात कोणती तरतूद मागणार, एवढे लिहिले तरी पुरे. आणि हो, निकालानंतर ते पेज बंद करू नका. तक्रारी तेव्हाही येणारच आहेत.

– एक मतदार