भट्टी तासिका तत्त्वावर पेटत नाही

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

सिरॅमिक शिल्पकलेच्या शिक्षकाची जागा कायमस्वरूपी भरू, असा शब्द व्यासपीठावरून मिळाला होता. या आठवड्यात जाहिरात आली ती पुन्हा तासिका तत्त्वावर. म्हणून हे पत्र.

दोन फुटी मस्तकशिल्प घ्या. आतून पोकळ, भिंत सगळीकडे साधारण २ सेंटीमीटर, मातीत २०-२५ टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भुगा. प्लास्टिकखाली दोन-तीन आठवडे सुकवायचं. नाक-कान आधी सुकले की सांध्याला तडा जातो. मग भट्टी. रात्रभर १०० अंशांच्या आत, झरोका उघडा. झरोक्याशी आरसा धरायचा. आरसा धुरकटला तर माती अजून ओली आहे. तेव्हा घाई केली की शिल्पाच्या ठिकऱ्या उडतात. (हवेच्या बुडबुड्यानं फुटतं म्हणतात, पण फोडते ती पाण्याची वाफ.) ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ (गारेचा कण) एकदम फुगतो, निवताना तिथेच आकसतो, त्या टप्प्यात फार जपून जावं लागतं. बिस्किट, म्हणजे पहिली भाजणी, १००० अंशांपर्यंत, स्टोनवेअरचं (जास्त आचेवर भाजलेल्या टणक मातीकामाचं) ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, १२५० पर्यंत, आणि निवायला आणखी एक-दीड दिवस.

यातली रात्र कुठल्या तासिकेत मांडायची, साहेब? शिक्षकाला तासाचे पैसे मिळतात आणि इमारतीचा मेन स्विच सहाला बंद होतो!

भट्टी तापवणाऱ्या विजेच्या कॉइलचं तेच. कमीत कमी दराच्या नियमानं नायक्रोमची तार आली. नायक्रोम १२०० च्या आसपास हात टेकते. स्टोनवेअरला जास्त उष्णता सोसणारी कँथल ए-वनसारखी तार लागते. खरेदी समितीत भट्टी लावणारा एकही माणूस नव्हता. भरलेल्या भट्टीत कॉइल जळाली आणि मुलांचं वर्षभराचं काम अर्धकच्चं राहिलं. याची जबाबदारी कोणी घेतली? कोणीही नाही.

भाईंदरचे कुंभकार ब्रह्मदेव पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण सत्काराला शाल मिळते आणि शिकवणाऱ्याला दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यावी लागते, हे चीड आणणारं आहे. वाळलेली माती झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, कारण सिलिकाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. हे रोज उभं राहून बघायला कायमचा माणूस लागतो. तुमच्या खात्यात मात्र यंत्राची नोंद होते, हाताची होत नाही.

जागा कायमची भरा. कँथलची कॉइल द्या. भट्टीच्या रात्री इमारत उघडी ठेवण्याची लेखी परवानगी द्या. मांडणीवरची कच्ची कामं पावसाळ्याची ओल ओढत आहेत.

आपले,
सिरॅमिक शिल्पकलेचे आजी-माजी शिक्षक