त्याच केसपेपरवर

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

आपल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येणारी, औषधांची पिशवी मांडीवर धरून बाकाच्या टोकाला बसणारी ६२ वर्षांची बाई ही माझी आई. तोंडी आभार मानायचे मी दोनदा ठरवले होते, परंतु बाहेरची रांग पाहून दोन्ही वेळा गप्प राहिले. आमच्यासारखी घरे नागपुरात पुष्कळ असतील, त्यांच्याही वाचनात यावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

बाबा गेल्यानंतर आईचे अंग दुखू लागले, छातीत धडधड होऊ लागली आणि पहाटे तीनलाच झोप मोडू लागली. एका खासगी रुग्णालयात आम्ही ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतली. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. त्यानंतर नातेवाईक, शेजारी आणि मीसुद्धा तेच वाक्य तिला ऐकवत राहिलो. त्याने ती अधिकच गप्प झाली, कारण आपलेच काहीतरी चुकते आहे असे तिला वाटू लागले होते. याची जबाबदारी माझ्यावरही आहे.

त्या मंगळवारी आपण बीपी मोजले, ते ठीक होते, आणि तरीही आपण पुढच्या रुग्णाला हाक मारली नाही. झोपेचे विचारले, जेवणाचे विचारले, आणि मग गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न आपण एकेक करून, आईला समजतील अशा शब्दांत विचारले. आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत उत्तरे देत होती. नववा प्रश्न आला तेव्हा आपण पेन खाली ठेवले आणि जगणे नकोसे वाटते का, जिवाचे बरेवाईट करून घ्यावे असे मनात येते का, हे सरळ विचारले. मी दचकले; असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी माझी समजूत होती. आई मात्र म्हणाली, “सकाळी उठूच नाही, असं वाटते मले.” एवढ्या महिन्यांत हे वाक्य तिने आमच्यापैकी कोणालाही सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. काही ठरवले आहे का, हेही आपण शांतपणे विचारून घेतले, घरातली औषधे माझ्या ताब्यात ठेवायला सांगितली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरच्या मागे ठळक लिहून दिला.

त्या नऊ उत्तरांच्या गुणांची बेरीज २७ पैकी १७ आली. आपण तिला म्हणालात की बीपीचा जसा आकडा असतो तसाच हा उदासीनतेच्या आजाराचा आकडा आहे, आणि औषधाने तोही खाली येतो. १५०/९० म्हणजे काय हे आईला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्यामुळे १७ म्हणजे काय हेही तिला लगेच कळले. घरी येऊन तिने तो आकडा कॅलेंडरवर बीपीच्या आकड्याशेजारी लिहिला.

कोराडी रोडचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातील मोठ्या संस्थांपैकी एक आहे आणि गरज पडली असती तर आम्ही तिथेही गेलो असतो. परंतु खरे सांगायचे तर, त्या दिवशी तिकडे चला म्हटले असते तर आई रिक्षात बसलीच नसती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते, आणि माझी आई अगदी त्याच गटातली होती. तिला उपचार मिळाले ते केवळ बीपीच्याच खोलीत, त्याच केसपेपरवर, रांगेतल्या कोणालाही काही न कळता मिळाले म्हणून. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून हे उपचार प्राथमिक आरोग्य सेवेत आणण्याचे धोरण आहे. धोरण कागदावरून बाकापर्यंत कसे पोहोचते, ते मी आपल्याकडे पाहिले.

थायरॉईड आणि हिमोग्लोबिनची तपासणी केल्यावरच आपण गोळी सुरू केलीत. पहिले काही दिवस मळमळेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, हिची सवय लागत नाही परंतु मनाने एकदम बंद करायची नाही, हे सारे आपण आधीच सांगून ठेवले होते. चौथ्या दिवशी आईला मळमळले आणि शेजारच्या काकूंनी ‘या गोळ्या फार गरम असतात’ म्हणून सांगितले, तेव्हा केवळ त्या पूर्वसूचनेमुळे डबी कचऱ्यात गेली नाही. या वयात अशा गोळीने रक्तातले सोडियम कमी होऊ शकते म्हणून आपण तेही तपासून घेतले. सहाव्या आठवड्यात आकडा १२ वरच अडकला, तेव्हा आपण मनोविकारतज्ज्ञांना आमच्यासमोर फोन लावून विचारले आणि डोस वाढवला. मला विचारून सांगावे लागेल, असे रुग्णासमोर म्हणणारे डॉक्टर मी फार कमी पाहिले आहेत. मधल्या काळात आपल्या आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. त्या गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजत, आणि मग चहा घेता घेता आईशी बाबांविषयी बोलत.

मार्चअखेरीस एका सकाळी मी शाळेत निघाले असताना आईने मागून हाक मारली आणि विचारले, “यंदा मुंगवड्या नाही घालायच्या का?” संध्याकाळी परतले तेव्हा गच्चीवर जुने धोतर अंथरलेले होते आणि त्यावर तिने एकटीने घातलेल्या वड्यांच्या रांगा होत्या. बाबा गेल्यानंतर प्रथमच ती आपणहून गच्चीवर गेली होती. गेल्या तपासणीत आकडा ४ आला. बरे वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची, हे आता तीच मला बजावते.

येत्या मंगळवारी दोन्ही गोळ्या संपतात. मला सुट्टी काढण्याची गरज नाही, मी एकटी जाईन, असे तिने सांगितले आहे. येताना ती वड्यांचा डबा आणणार आहे, त्यातल्या निम्म्या आशाताईंसाठी आहेत.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी
नागपूर